बांधिलकी कोणाशी? : सार्वजनिक सेवेतील विश्वासाचा विचार

१. विषयाची मांडणी

सार्वजनिक सेवेतील कर्मचाऱ्यांविषयीची चर्चा बहुधा नागरिकाच्या बाजूने सुरू होते आणि तिथेच संपते. काम वेळेवर होत नाही, खेपा माराव्या लागतात, कचेरीत कोणी दाद देत नाही, या तक्रारींत तथ्य असतेच. परंतु कर्मचाऱ्याला कामाविषयी आस्था उरलेली नाही आणि म्हणून त्याच्यावर अधिक कडक पाळत ठेवली पाहिजे, हा त्यातून काढला जाणारा निष्कर्ष घाईचा असतो. बांधिलकी ही माणसाच्या स्वभावात असते तशीच ती त्याच्या सेवेच्या परिस्थितीतूनही घडते, आणि या परिस्थितीत सर्वांत निर्णायक गोष्ट म्हणजे संस्थेने कर्मचाऱ्यावर आणि कर्मचाऱ्याने संस्थेवर कशाच्या आधारे विश्वास ठेवला आहे, ही होय. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे, की कर्मचारी ज्याच्या भरवशावर सेवेत येतो आणि टिकतो त्याच्याशीच तो बांधला जातो: भरवसा नियमाचा असेल तर बांधिलकी कामाशी जुळते, आणि तो एखाद्या व्यक्तीचा असेल तर बांधिलकीही त्या व्यक्तीकडेच वळते.

या प्रतिपादनाची पडताळणी करण्यास गोव्याच्या डिचोली तालुक्यातील लाटंबार्से हे ठिकाण सोयीचे आहे. कासारपाल, लाडफे, नानोडा, वडावल अशा गावांना सामावून घेणारा हा पंचायत परिसर महाराष्ट्राच्या हद्दीला, दोडामार्गाला लागून आहे. हद्दीच्या अलीकडे वीज पुरवते ते गोवा शासनाचे वीज खाते, पलीकडे महावितरण ही कंपनी. अलीकडचे सार्वजनिक वाहतूक महामंडळ म्हणजे १९८० मध्ये स्थापन झालेले कदंब, पलीकडचे म्हणजे १९४८ पासून धावणारी एसटी. भाषा, देवदेवस्की आणि सोयरिकी हद्द ओलांडून जातात, परंतु लाइनमनच्या पगारपत्रकावर कोणाचे नाव असावे हे मात्र हद्द ठरवते. त्यामुळे एकाच लोकजीवनात सार्वजनिक सेवेचे खाते, महामंडळ, कंपनी आणि कंत्राट असे निरनिराळे साचे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात.

२. दोन संज्ञा

विश्वास ही संज्ञा व्यवहारात सैलपणे वापरली जाते, म्हणून तिचा अर्थ आधी निश्चित करणे इष्ट. रॉजर मेयर, जेम्स डेव्हिस आणि डेव्हिड शूरमन या अभ्यासकांनी १९९५ मध्ये केलेली मांडणी या क्षेत्रात आजही आधारभूत मानली जाते. दुसऱ्यावर लक्ष ठेवता येत असो वा नसो, त्याच्या कृतीने आपले नुकसान होऊ शकते हे ठाऊक असूनही त्याच्या हाती स्वतःला सोपवण्याची तयारी म्हणजे विश्वास, असे ते सांगतात. आणि ही तयारी दुसऱ्याची क्षमता, त्याची सद्भावना आणि त्याचा सचोटीचा व्यवहार या तीन गोष्टी पाहून ठरते. या व्याख्येत धोका गृहीत आहे हे महत्त्वाचे, कारण जिथे गमावण्यासारखे काही नाही तिथे विश्वासाचा प्रश्नच उद्भवत नाही.

बांधिलकीचे विश्लेषण जॉन मेयर आणि नॅटली अ‍ॅलन यांनी १९९१ मध्ये तीन प्रकारांत केले. संस्थेविषयी आपुलकी वाटते म्हणून तिच्यात राहणे ही भावनिक बांधिलकी. सोडून जाणे परवडत नाही म्हणून राहणे ही गरजेपोटीची बांधिलकी. आणि राहणे हे आपले कर्तव्य आहे असे वाटून राहणे ही नैतिक बांधिलकी. तिन्ही प्रकारांत कर्मचारी नोकरी टिकवतोच, परंतु अडचणीच्या वेळी तो किती राबतो यात मोठा फरक पडतो. गरजेपोटी टिकून राहिलेला कर्मचारी नेमून दिलेले तेवढे करतो, तर आपुलकीने किंवा कर्तव्यभावनेने राहिलेला कर्मचारी नियमावलीत न लिहिलेलेही करून जातो, असा सर्वसाधारण निष्कर्ष पुढील अभ्यासांतून निघालेला आहे.

डिचोली तालुक्याचा अलीकडचा इतिहास या भेदावर लख्ख प्रकाश टाकतो. हा खाणपट्ट्याचा तालुका. सप्टेंबर २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, पुढे काही काळ सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द झाल्यावर मार्च २०१८ पासून पुन्हा बंद पडल्या. खाणीवरचे कामगार, ट्रकमालक, बार्जवाले, गॅरेजवाले यांची मिळकत एका फटक्यात थांबलेली पाहिलेल्या पिढीला सरकारी नोकरी ही सेवेपेक्षा आधी तारण म्हणून दिसली, तर त्यात नवल नाही. पर्याय आटले की गरजेपोटीची बांधिलकी वाढते. नोकरीला माणूस घट्ट चिकटतो, पण त्याचा कामाशी असलेला संबंध तेवढ्याने घट्ट होत नाही. सरकारी नोकरीविषयीचे आकर्षण आणि सरकारी कामाविषयीची आस्था या दोहोंची गल्लत करू नये, ती याचसाठी.

३. खांबावरचा विश्वास

विश्वासाची व्याख्या जिथे शब्दशः खरी ठरते असे सार्वजनिक सेवेतील काम म्हणजे वीजवाहिनीची दुरुस्ती. पावसाळ्यात झाडाची फांदी ११ केव्हीच्या वाहिनीवर पडून वीज गेली, की लाइनमन आणि हेल्पर यांना दुरुस्तीसाठी वाहिनीला हात लावावा लागतो. त्याआधी उपकेंद्रातील ऑपरेटरकडून परमिट घ्यायचे, त्या फीडरचा प्रवाह बंद झाल्याची खात्री करायची, स्विच उघडून त्यावर धोक्याचा फलक लावायचा, डिस्चार्ज रॉड टाकून वाहिनी जमिनीशी जोडायची, आणि मगच खांबावर चढायचे, असा क्रम असतो. ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत करायचे, आणि ते परत येईपर्यंत कोणाचाही दूरध्वनी आला तरी ऑपरेटरने प्रवाह सोडायचा नाही, हा त्यातील कळीचा नियम.

या क्रमातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, खांबावरील माणसाचा जीव त्याला न दिसणाऱ्या सहकाऱ्याच्या सचोटीवर अवलंबून असतो, आणि हा विश्वास मैत्रीतून नव्हे तर दोघांनाही बांधून ठेवणाऱ्या कार्यपद्धतीतून येतो. ऑपरेटर अनोळखी असला तरी काम होते, कारण परमिट ओळखीवर चालत नाही. दुसरी, अंधारात बसलेल्या गावातून कोणा वजनदार माणसाने दबाव आणला आणि तो चालला, तर मोडतो तो केवळ नियम नव्हे, तर पुढच्या प्रत्येक वेळी खांबावर चढण्याची तयारी. तिसरी, विश्वास नागरिकाकडूनही अपेक्षित असतो: एखाद्या घरातील किंवा दुकानातील जनरेटर योग्य चेंजओव्हर स्विचवाचून जोडलेला असला, तर बंद केलेल्या वाहिनीत उलटा प्रवाह येतो आणि परमिट हातात असूनही कर्मचाऱ्याचा घात होऊ शकतो. नागरिकाने कर्मचाऱ्यावर विश्वास ठेवावा की नाही याची चर्चा पुष्कळ होते; कर्मचारी नागरिकावर किती विसंबून असतो याचा उल्लेख क्वचितच होतो.

तपासणी आणि विश्वास हे परस्परविरोधी आहेत, हा समजही याच दृष्टीने तपासला पाहिजे. राज्य परिवहनाच्या बसचा वाहक कामगिरीवर निघताना स्वतःच्या खिशातील रक्कम वे-बिलावर नोंदवतो, आणि वाटेत तपासणी पथकाने बस थांबवली तर तिकिटांचा हिशेब व जवळची रोकड यांचा मेळ घातला जातो. वरवर पाहता हा अविश्वास आहे. परंतु ती नोंद नसती, तर प्रामाणिक वाहकाच्या खिशातील स्वतःचे पैसे हाच त्याच्यावरील आरोपाचा पुरावा ठरला असता. जी तपासणी निर्दोष माणसाला निर्दोषत्व सिद्ध करण्याचे साधन देते ती विश्वासाला पूरक असते. जी केवळ सापडेल त्याला पकडण्यासाठी असते ती विश्वास पोखरते.

४. राजवट बदलली, दप्तर राहिले

बांधिलकी व्यक्तीशी की पदाशी, हा प्रश्न गोव्याच्या प्रशासनापुढे एकदा अत्यंत तीव्र स्वरूपात उभा राहिला होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा पोर्तुगीज राजवटीचे नोकर म्हणून काम करणारा मोठा कर्मचारीवर्ग इथे होता. आदल्या दिवसापर्यंत लिस्बनच्या नावाने कागद काढणाऱ्या या माणसांवर नव्या राजवटीने विश्वास का ठेवावा, आणि नव्या राजवटीने आपली सेवा मानावी असा भरवसा त्यांनी का धरावा, असे दोन्ही बाजूंचे प्रश्न होते. मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्या लष्करी प्रशासनापासूनच या कर्मचाऱ्यांना कामावर कायम ठेवण्याचे धोरण राहिले, आणि पुढे संसदेने गोवा, दमण व दीवमधील सामावून घेतलेल्या कर्मचाऱ्यांसंबंधीचा १९६५ चा अधिनियम संमत करून त्यांच्या सेवेला वैधानिक आधार दिला.

या निर्णयाचे महत्त्व केवळ मानवतेच्या दृष्टीने नाही. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहिता चालूच राहिली. जन्म, विवाह, वारसा, जमीन यांचे दप्तर पोर्तुगीज भाषेत होते. त्या भाषेत नोंदी वाचणारे, जुन्या खात्यांची रचना जाणणारे कारकून नसते तर सामान्य माणसाचे हक्कच संशयास्पद झाले असते. राजवटीशी निष्ठा आणि दप्तराशी निष्ठा या भिन्न गोष्टी आहेत हे त्या निर्णयाने मान्य केले. डिसेंबर १९६३ मध्ये दयानंद बांदोडकर यांचे पहिले लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले आणि शाळा, रस्ते, वीज, पाणी यांचा विस्तार खेडोपाडी सुरू झाला, तेव्हा हे जुने कर्मचारी, शेजारच्या प्रांतांतून प्रतिनियुक्तीवर आलेले कर्मचारी आणि नव्याने भरती झालेले स्थानिक अशा तीन थरांतून गोव्याचे प्रशासन उभे राहिले. या थरांत ताण होता, प्रतिनियुक्तीवरील कर्मचाऱ्यांविरुद्ध नाराजीही होती. तरी सेवेचे नियम लिखित होते, आणि भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ नुसार चौकशीवाचून आणि बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून सर्वसाधारणपणे कोणाला बडतर्फ करता येत नव्हते. पदाशी निष्ठा ठेवणाऱ्याला पदाने दिलेले हे संरक्षण होते.

५. नेमणुकीचा ऋणानुबंध

मग बांधिलकी व्यक्तीकडे वळते ती कोठून? उत्तर नेमणुकीत सापडते. गोव्यात सरकारी नोकरीसाठी १५ वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोकणीचे ज्ञान आवश्यक असते; या अटी पुऱ्या करणारे तरुण हजारोंनी असतात आणि जागा मोजक्या. अशा वेळी निवडीची पद्धत लोकांना दिसत नसेल, तर वशिल्यावाचून नोकरी मिळत नाही हा समज खरा असो वा नसो, वागणूक त्या समजाप्रमाणेच घडते. २०२४ च्या अखेरीस सरकारी नोकरीचे आमिष दाखवून लाखो रुपये उकळल्याच्या तक्रारी गोव्यातील पोलीस ठाण्यांत एकामागून एक नोंदल्या गेल्या. भामट्यांनी विकले ते पद नव्हते, पदापर्यंत पोहोचणाऱ्या ओळखीचा दावा होता. आणि तो विकला गेला, कारण गिऱ्हाइकांना तो अविश्वसनीय वाटला नाही.

ज्याला नोकरी खरोखरच एखाद्याच्या शब्दावर मिळाली, त्याचे पुढे काय होते याचा विचार क्वचित केला जातो. तो आळशी असेलच असे नाही, कित्येकदा तो कामसू आणि हुशारही असतो. परंतु त्याची नैतिक बांधिलकी, म्हणजे उपकाराची परतफेड करण्याची भावना, आधीच कोणाकडे तरी गहाण पडलेली असते. नळाची जोडणी कोणाला आधी द्यायची, कोणाचा अर्ज वर ठेवायचा, हे ठरवताना तो निर्लज्जपणे वागत नसतो. आपल्या परीने तो कृतज्ञपणेच वागत असतो. म्हणून वशिल्याच्या नेमणुकीचा मुख्य दोष अपात्र माणूस आत येतो हा नसून, पात्र माणूसही चुकीच्या दाव्याला बांधलेला राहतो, हा आहे.

याच्या उलट बाजूचा पुरावा ब्राझीलच्या सेआरा या गरीब राज्यातून मिळतो. तिथे १९८७ पासून गावोगाव आरोग्यसेवक नेमण्यात आले आणि बालमृत्यूंत लक्षणीय घट झाली. जुडिथ टेंडलर यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याची कारणे शोधली आहेत. नेमणुकीचा अधिकार स्थानिक महापौरांच्या हाती न ठेवता राज्याने तो आपल्याकडे घेतला, निवड गाजावाजा करून सर्वांदेखत केली, आणि ज्यांची निवड झाली नाही त्यांनाही सेवकाचे काम काय हे सांगून देखरेखीत सहभागी केले. विशेष म्हणजे हे सेवक, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, किमान वेतनावर आणि कायमपणाची हमी नसताना काम करत होते. तरीही त्यांची आस्था असामान्य होती, कारण आपण कोणाच्या कृपेने नव्हे तर योग्यतेने निवडले गेलो हे त्यांना आणि गावाला माहीत होते.

गोवा शासनाने २०१९ मध्ये कर्मचारी निवड आयोगाचा कायदा केला आणि काही वर्षांनी आयोगाच्या संगणकाधारित परीक्षा प्रत्यक्षात सुरू झाल्या. गुणवत्तेची निवड एवढ्यापुरते या बदलाचे मूल्य मोजले तर ते अपुरे मोजले जाईल. परीक्षेने आलेला कनिष्ठ लिपिक कोणाचा ऋणी नसतो, हे त्याचे खरे मूल्य. आणि म्हणूनच या पद्धतीला दिलेला प्रत्येक अपवाद केवळ काही जागांपुरता राहत नाही, तो संपूर्ण पद्धतीच्या विश्वासार्हतेतून वजा होतो.

६. पगार देणारा कोण?

सेवेत येण्याइतकाच सेवेत टिकण्याचा आधारही निर्णायक असतो, हे महाराष्ट्रातील एसटी कर्मचाऱ्यांच्या २०२१-२२ मधील संपाने दाखवून दिले. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस पेटलेला हा संप पाच महिन्यांहून अधिक चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर होण्याची मुदत दिल्यावर निवळला. नोव्हेंबर २०२१ मध्येच शासनाने मूळ वेतनात सेवाकालानुसार २,५०० ते ५,००० रुपयांची वाढ जाहीर केली होती, तरी बहुसंख्य कर्मचारी परतले नाहीत. पगारवाढ नाकारून विलीनीकरणाचा, म्हणजे महामंडळ शासनात मिसळण्याचा, आग्रह धरणे अनेकांना अव्यवहारी वाटले. परंतु पगार लांबण्याचा आणि तुकड्यांनी मिळण्याचा अनुभव घेतलेल्या वाहकाला वाढीव आकड्यापेक्षा तो देणाऱ्याची पत महत्त्वाची वाटत होती. विलीनीकरणाच्या मागणीचा गाभा पैशापेक्षा भरवशाचा होता असे म्हणता येते. त्रिसदस्यीय समितीने विलीनीकरणास अनुकूलता दाखवली नाही. त्या निर्णयामागे आर्थिक कारणे असतील, परंतु वेळेवर पगार ही बाब विलीनीकरणावाचूनही पाळता येण्याजोगी होती आणि विश्वास तिथेच ढासळला होता.

कंत्राटी कर्मचाऱ्यांची स्थिती याहून नाजूक आहे. शासकीय कचेऱ्या, इस्पितळे, शाळा यांतील सुरक्षारक्षक, सफाई कामगार, डेटा एंट्री करणारे यांपैकी कित्येक जण त्याच इमारतीत वर्षानुवर्षे राबतात, पण कागदोपत्री दुसऱ्याच संस्थेचे असतात. १० एप्रिल २००६ रोजी उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नियमबाह्य नेमणुका कायम करण्याला आवर घातला. मागच्या दाराने आलेल्यांना दारातून आलेल्यांच्या पंगतीत बसवू नये हा त्यामागचा विचार योग्य होता. परंतु त्याच निर्णयाचा आधार घेऊन कायम स्वरूपाचे काम तात्पुरत्या नेमणुकीवर चालू ठेवण्याची वहिवाट पडली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्यात त्याच न्यायालयाला या गैरवापराबद्दल कान टोचावे लागले. सेआराच्या उदाहरणावरून दिसते की कायमपणा ही बांधिलकीची अट नाही. अट आहे ती स्पष्टतेची. मुदत ठरलेली आणि पाळलेली असेल तर तात्पुरता कर्मचारीही मनापासून काम करतो. दर सहा महिन्यांनी मुदतवाढीसाठी कोणाच्या तरी दारी जावे लागत असेल, तर वशिल्याचे ऋण दर सहा महिन्यांनी नव्याने फिटत आणि नव्याने चढत राहते.

७. कागदावरचा आधार

खालच्या पायरीवरील कर्मचाऱ्याला निर्णयाचे बरेच स्वातंत्र्य असते, हे मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये दाखवून दिले. धोरण राजधानीत लिहिले जात असले तरी नागरिकाला दिसणारे धोरण म्हणजे खिडकीवरच्या माणसाचे वागणे. लाटंबार्शातील रहिवाशाला दाखला हवा असेल तर अर्ज डिचोलीच्या मामलेदार कचेरीत जातो, तलाठ्याचा अहवाल मागवला जातो आणि त्यावर दाखला निघतो. या साखळीत मामलेदार तलाठ्याच्या अहवालावर विसंबतो, तलाठी स्थानिक चौकशीवर. अहवाल चुकला तर दोष आपल्याच माथी येणार आणि वरिष्ठ हात झटकणार अशी धास्ती असेल, तर तलाठी आणखी एक कागद मागतो, मामलेदार कचेरी आणखी एक शेरा मारते, आणि कोणीही अप्रामाणिक नसताना नागरिकाच्या खेपा वाढतात. दिरंगाईचे एक मोठे कारण अनास्था नसून असुरक्षितता असते.

या असुरक्षिततेवरचा उपाय लेखी व्यवहारात आहे. टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवर ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सनदी अधिकाऱ्यांना निश्चित कार्यकाल द्यावा आणि तोंडी आदेशांची लेखी नोंद व्हावी असे निर्देश दिले. महाराष्ट्राने २००५ मध्येच बदल्यांचे विनियमन करणारा कायदा केला होता. गोव्याने माहितीच्या हक्काचा कायदा १९९७ मध्ये, केंद्राच्या आठ वर्षे आधी, आणि कालबद्ध सेवेचा कायदा २०१३ मध्ये केला. हे कायदे नागरिकाच्या हातातील हत्यार म्हणून ओळखले जातात. परंतु सचोटीच्या कर्मचाऱ्यासाठीही ते आडोसा आहेत, कारण मुदत आणि क्रम कायद्याने ठरलेला असला की ‘याचे आधी करा’ या फोनला नकार देण्यासाठी त्याला स्वतःचे धैर्य खर्चावे लागत नाही. ऑक्टोबर २०२० पासून स्वयंपूर्ण गोवा उपक्रमात राज्यातील १९१ पंचायतींसाठी नेमलेल्या स्वयंपूर्ण मित्रांची उपयुक्तताही याच कसोटीवर पाहिली पाहिजे: भेटीस आलेला अधिकारी अडलेले काम आपल्या वजनाने सोडवून देत असेल तर तो ओळखीच्या साखळीतील आणखी एक कडी ठरतो, ते का अडले हे शोधून पद्धत सुधारत असेल तर तो विश्वास निर्माण करतो.

८. समारोप

वरील विवेचनावरून निष्कर्ष असा निघतो, की कर्मचाऱ्यांची बांधिलकी वाढवण्यासाठी प्रशिक्षण, सत्कार आणि बोधवाक्ये यांपेक्षा चार साध्या गोष्टी अधिक कामी येतील: सर्वांना दिसेल अशी निवड, ठरल्या दिवशी पगार, लेखी आदेश, आणि निर्दोष माणसाला वाचवणारी तपासणी. यांपैकी एकही गोष्ट नवी नाही, आणि वेळेवरचा पगार वगळला तर कोणतीही फारशी खर्चिक नाही. त्या अमलात येत नाहीत, कारण त्यांनी कोणाची तरी मध्यस्थी निरर्थक होते. परंतु ही मध्यस्थी केवळ राजकारण्यांनी लादलेली नाही. ओळखीने काम होते तेव्हा नागरिकाला त्यात अन्याय दिसत नाही, तो दिसतो दुसऱ्याची ओळख अधिक पोहोचते तेव्हा. आणि ओळखीनेच नेमला गेलेला कर्मचारी उद्या त्याच नागरिकाशी नियमाने वागेल ही अपेक्षा न्याय्य ठरत नाही. सार्वजनिक सेवा नियमाला बांधलेली असावी असे वाटत असेल, तर ती जबाबदारी जेवढी शासनाची आहे तेवढीच, मुलासाठी एक शब्द टाका अशी विनंती घेऊन लोकप्रतिनिधीच्या दारी जाणाऱ्या पालकाचीही आहे.